हात न फिरवलेले चित्र

१९७६ च्या सुमारास हेमावतीबाई हुबळीच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवत. तिथल्याच केशवापुर भागात भाड्याच्या खोलीत त्या एकट्या राहत. मुलाच्या कागदावर मोठ्यांची रेघ पडता कामा नये, हे त्यांचे तत्त्व होते. चित्र चांगले की वाईट हा प्रश्न नंतरचा. आधी ते त्या मुलाने स्वतः पाहिलेले असावे, असे त्या मानत. शाळेचा रिवाज मात्र निराळा होता. गॅदरिंगच्या प्रदर्शनापूर्वी शिक्षक मुलांच्या चित्रांवर हात फिरवून ती नेटकी करून देत.

त्या वर्षी हुबळीजवळच्या उणकल गावच्या गवळ्याची मुलगी, पाचवीतली यल्लव्वा, हिने तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी काढल्या. अंगे पाण्याखाली, वर फक्त शिंगे, प्रत्येक जोडी वेगळ्या वळणाची आणि तळ्यात न मावणारी.

मुख्याध्यापक मुकुंदराव चित्र पाहून हसले. "बाई, ही झुडपं कसली?"

"म्हशी आहेत, सर. ती त्यांना शिंगांवरूनच ओळखते."

"ती ओळखते हो! पाहुण्यांनी कसं ओळखायचं? जरा हात फिरवा. नाहीतर जूनपासून तुमचा तास गणिताला देतो. तिथं निदान उत्तरं तरी जुळतात."

बाईंनी हात फिरवला नाही. उलट ते चित्र त्यांनी दाराशीच लावले, कारण त्यांच्या लेखी तो मुलीचा सन्मान होता. पाहुणे दाराशीच थबकून हसले. उणकलच्याच एका पालकाने तिला विचारले, "काय गं, तुमच्याकडं शिंगांतूनच धार काढतात होय?" यल्लव्वा भिंतीला चिकटून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कोरा कागद घेऊन आली. "बाई, तुम्हीच काढून द्या. सगळ्यांसारखी म्हैस."

"माझी म्हैस तुझी कशी होईल गं? बस, आपण पुन्हा पाहू."

"तुम्हाला कोण हसलं नाही. मला हसले."

बाईंचा हात पेन्सिलीपर्यंत गेला आणि थांबला. मुलाला स्वातंत्र्य देणाऱ्याने त्या स्वातंत्र्याला आडोसाही द्यायचा असतो, हे त्यांना तेव्हा उमगले. पण आडोसा म्हणून आपली रेघ देणे त्यांना जमेना. यल्लव्वा कागद घेऊन निघून गेली.

जूनमध्ये तास गणिताला गेला. बाईंकडे शिवणकाम आले. शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रांसाठी आपला वर्ग उघडा राहील, असे त्यांनी सर्व वर्गांत सांगितले. सुरुवातीला थोडी मुले आली, मग तीही येईनाशी झाली. यल्लव्वा खिडकीवरून जाताना पावले झपझप टाकी. बाई दर शनिवारी रंग कालवून बसत, आणि उन्हे उतरली की बश्या धुऊन पालथ्या घालत.