मांडवात घेतलेलं नाव

माझी आई गोजरा घणसोली गावची धवलारीण. टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना हे आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, पण त्याच्या आधी मांडवात धवलारीण बसते. पिठाचा चौक काढते, धवले गाऊन देवांना लग्नाला बोलावते. देव झाले की त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन हाक मारते आणि प्रत्येक नावाला पाटावर चिमूटभर तांदूळ ठेवते. नाव घेतल्याशिवाय मेलेलं माणूस लग्नाला येत नाही, असं आमच्यात मानतात.

आणि बाईला गर्व किती! बाप रे. "माझ्याशिवाय घनसोलीत हळद लागत नाय," हे दिवसातून दोनदा. तिने नुसतं बोट वर केलं की डीजेवाला मशीन बंद करायचा. एका घरात मानाची साडी मनासारखी आली नाही, तर धवले अर्ध्यावर टाकून उठली. नवऱ्या मुलाचा आजा पाया पडला, तेव्हा कुठे परत बसली. लोक म्हणायचे, गोजराकाकीच्या तोंडात देव बसतो. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एका लग्नात तर पिऊन आलेल्या पोराच्या आईला तिने भरमांडवात सुनावलं, "तुला पोर सांभालता आला नाय, आमच्या घरात असली थेरं चालत नायत."

त्यानंतर आठ दिवसांत माझा भाऊ मिथुन गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली. पावणे एमआयडीसीत कंपन्यांमधल्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरला बाइक मागून धडकली. बाइक रूपेशची. रूपेश म्हणजे मिथुनचा जिगरी, आमच्याच आळीतला. तो पायात रॉड घालून वाचला. मिथुन दोन दिवस जगला, आणि त्या दोन दिवसांत जे काही बोलला ते एकट्या आईजवळ. बाहेर येऊन ती म्हणाली, "गाडी रूपेश चालवत होता. माझ्या पोराने मला सांगितलं."

रूपेश ओरडून सांगत होता, गाडी मिथुनच्या हातात होती, तो प्यायलेला होता, मी चावी मागत होतो. कोण ऐकणार? गाडी स्वतःची आणि मेलेल्यावर ढकलतो! कोर्टाने चार वर्षांनी पुरावा नाही म्हणून त्याला सोडलं. गावाने नाही सोडलं. धवलारणीचा पोरगा ह्याने मारला, एवढ्यावर त्याची तीन लग्नं मोडली.

त्याची आई चांगुनाकाकी एकदाच आमच्या दारात आली. "गोजरा, मिथुन काय बोलला ते देवाशपथ सांग. मला बाकी काय नको." आई जागची हलली नाही, पाणी विचारलं नाही. दार मी लावलं. लावलं कसलं, तिच्या तोंडावर आपटलं आणि वर म्हटलं, "लाज वाटते का?" हे मुद्दाम लिहितेय, कारण सगळं आईवर ढकलून मला सुटायचं नाहीये.

गेल्या श्रावणात चांगुनाकाकी डायलिसिस करून करून गेली. आई मौतीला गेली नाही. मग माघात रूपेशचं लग्न जमलं, उरणकडच्या मुलीशी. मी माहेरी आले होते, तेव्हा लंगडत तो स्वतः आमच्या घरी आला. "काकी, मांडवात तुलाच बसायचंय. आई तसं बोलून गेलीय."

मला वाटलं, आता आई त्याला हाकलणार. तिने हाकललं नाही. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "चांगुनाने बरोबर पकडला मला." मांडवात बसली की चांगुनाचं नाव तिला घ्यावंच लागणार होतं. जिला दारात पाणी दिलं नाही, तिला हात जोडून ये, बस म्हणावं लागणार होतं.

"तब्येतीचं सांग आणि जाऊ नकोस," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. चार दिवस धड जेवलीही नाही.

मांडवाच्या दिवशी सकाळी मी तिच्या मागेच बसले होते. देव झाले. रूपेशचा आजा झाला, आजी झाली, बाप झाला. मग आईने तांदूळ चिमटीत घेतले आणि थांबली. बायकांना वाटलं, आवाज बसला. कोणीतरी पाणी पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं.

"चांगुनाला बोलवायचंय," ती म्हणाली. "पन खोट्या तोंडाने बोलावली तर ती यायची नाय."

"आई, गप बस," मी मागून तिचा पदर ओढला. मला कळलं होतं, देवाची शपथ, त्याच क्षणी सगळं कळलं होतं. आणि तरी तिने ते बोलू नये एवढंच मला हवं होतं.

"गाडी माझा मिथुन चालवत होता. पिऊन चालवत होता. आई, रूपेशला काय बोलू नको, असं तो मला सांगून मेला. मी खोटं बोलली."

रूपेशच्या आत्याने रागाने तांदळाचं ताट ओढून घेतलं. पाटावर बसलेला रूपेश आईकडे वळला.

"आई होती तेव्हा का नाय बोललीस, काकी?"

कारणं पुष्कळ देता आली असती. पोरगा गेला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, काहीही. आई म्हणाली, "तवा मी मोठी होती, बाबा."

तो पाटावरून उठला. मग आत्याच्या हातातलं ताट घेऊन त्याने आईसमोर ठेवलं. आईने चांगुनाचं नाव घेतलं. गाता आलं नाही, नुसतीच हाक मारली, आळीत मारतात तशी. तांदूळ ठेवले, उठली आणि भर उन्हात घरी चालत आली. रूपेशने तिला थांबवलं नाही, आणि त्याने का थांबवावं?

त्यानंतर तिला एकाही घरातून बोलावणं आलं नाही. भावकी म्हणाली, मेलेल्या पोराला दारुडा ठरवला. बाकीचे म्हणाले, अकरा वर्षं गिळून बसली, हिच्या तोंडात कसला देव! दोन्ही खरंच. ती कोणाला उलटून बोलत नाही. लग्नघरी न बोलावता जाते, मागच्या दाराशी बसून लसूण सोलते, कोणी टोमणा मारला तर ऐकून घेते. ही बाई, जी साडीच्या रंगावरून उठून जायची! आणि चेहरा इतका शांत की माझा संताप व्हायचा.

मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. शेवटी माहेरी जाऊन एकदाचं भांडलेच. "झालं ना समाधान? भावाचं नाव घालवलंस, स्वतःचं घालवलंस. आता बरं वाटतंय का तुला?"

ती तांदूळ निवडत होती. "बरं वाटायला नाय केला. पोराचं नाव घेता येत नव्हता, जागृती. त्याने खरं सांगितलेलं, आनि मी त्याच्याच नावावर खोटं बोलली. मंग कुठच्या तोंडाने हाक मारू? तुझ्या लग्नात सगल्यांना बोलावला. त्याला नाय बोलावला."

त्या दिवशी डीजे होता, गडबड होती, मला मेंदी लागली होती. धवल्यांतली नावं कोण मोजतंय? माझ्या लग्नाला माझा भाऊ आला नव्हता, हे मला चार वर्षांनी कळलं.