काचेवरच्या तीन रेघा

"काच नीट पुसलीच नाही हिने. पत्रे ठोकणाऱ्याच्या घरातली मुलगी, हाताला सफाई कुठून येणार?"

सर हसत हसत म्हणाले. शेजारी बाहेरगावहून आलेले पाहुणे प्राध्यापक उभे, मागे एम.एस्सी.ची दहा-बारा पोरं. पोरं हसली. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात मी सरांच्या हाताखाली पीएच.डी. करते. काम सांगायला सोपं आहे. प्लास्टिकचा एक दाणा काचपट्टीवर वितळवायचा, वरून पातळ काच दाबायची, केसापेक्षा पातळ थर करायचा. मग तो थंड होताना सूक्ष्मदर्शकातून बघायचं. त्यात स्फटिकांची गोल फुलं उमलतात, प्रत्येकावर एक काळी फुली. घाईत थंड केलं तर नुसता चुरा. सबुरीनं केलं तर मोठी फुलं. ही सबुरी माझी. डोणगावहून सकाळच्या एसटीत उभ्यानं यायचं, हॉटप्लेटजवळ पाच-पाच तास बसायचं, मधेच सरांना चहा, सरांच्या पुतणीचं जर्नल लिहून देणं. तीन वर्षं झाली. पाठ भरून येते, डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी परत तीच एसटी.

माझे बाबा पत्र्याच्या पेट्या बनवतात. प्रत्येक झाकणाच्या आतून टोचीनं, पत्र्यावर खूण करायच्या अणकुचीदार सळईनं, तीन आखूड रेघा मारतात. लहानपणी मी विचारलं होतं, काऊन? तेव्हा म्हणाले, "मले नाव लिहाले कुठं येते? ह्या रेघा पाह्यल्या का समजायचं, पेटी मी बनवली."

त्यांची एक जुनी टोची माझ्या पिशवीत असते. काचेवर बघायची जागा पुन्हा सापडावी म्हणून दाणा वितळवण्याआधीच मी तिथं तीन रेघा मारते. त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर त्याच दिसत होत्या. सर त्यांनाच घाण म्हणत होते.

पाहुणे हसले नाहीत. पडद्याजवळ गेले. म्हणाले, "थांबा. स्फटिक या ओरखड्यांवरूनच वाढायला लागलेत. अगदी ओळीनं. हे मुद्दाम केलंय का?"

सर पडद्याकडे वळले. मग म्हणाले, "अर्थात. माझीच कल्पना."

स्फटिक रेघेवरून वाढतात, हे मी दोन महिन्यांपूर्वीच वहीत लिहिलं होतं. सरांना दाखवलं होतं. त्यांनी न वाचता खाली तारखेसह सही ठोकली होती. आता माझी घाण त्यांची कल्पना झाली होती. तरी मी नुसती पुढची काच लावली. दमलेल्या माणसाला भांडायचाही कंटाळा येतो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पेपर लिहून समोर टाकला. वर एकट्या सरांचं नाव. शेवटी बारीक अक्षरात माझं, "नमुन्यांच्या स्वच्छतेसाठी" आभार म्हणून. स्वच्छतेसाठी! वर तसेच तीस नमुने आणखी करून मागितले. माझा चेहरा बघून म्हणाले, "तुमच्या घरात कुणी कॉलेज तरी पाहिलं होतं का? नाव छापून येतंय, हेच खूप समज."

घरी आले. बाबा पेटीला कडी बसवत होते. मी सगळं सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी हातोडी खाली ठेवली नाही. एवढंच म्हणाले, "वहीवर सही त्यायचीच हाय ना? मंग त्यायले म्हण, एक रेघ मारून दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर वही ठेवली, त्यांची सही असलेलं पान उघडून. शेजारी कोरी काच आणि टोची.

"सर, तीन रेघा मारा."

"काय फाजीलपणा आहे हा?"

"तुमची कल्पना आहे ना? मारा."

त्यांनी रागानं टोची उचलली आणि दाबली. पहिल्याच रेघेला काच तडकली. टोची फेकून म्हणाले, "डिग्री विसर आता."

तीन वर्षं त्या खोलीत मी तोलूनमापून पुस्तकी मराठी बोलत आले होते. घरची बोली तोंडून निघू नये म्हणून प्रत्येक शब्द आधी मनात घोळवायचा. त्याचाही थकवा होताच. त्या दिवशी नाही घोळवला.

"डिग्री तुमच्या हातात असन, सर. रेघ माही हाय."

वहीतल्या सहीच्या पानाची प्रत जोडून मी विद्यापीठात तक्रारीचा अर्ज दिला. अजून उत्तर नाही. बरोबरच्या मुली म्हणतात, माफी माग, वर्षं वाया जातील. जातील. मलाही दिसतंय ते. मी अजून त्याच एसटीनं उभ्यानं जाते, हजेरीवर सही करते आणि दिवसभर बंद हॉटप्लेटशेजारी बसते. सर तीस नमुन्यांची वाट बघताहेत. दुसऱ्या कुणाकडून ते होत नाहीत.

माफी मागणार नाही. पेपरवर पहिलं नाव माझं येईल, नाहीतर तीस काय, एक नमुना मिळणार नाही. टोची पिशवीत आहे.