आठ मागांची हवा

माझे धाकटे दीर रघू यांच्याबद्दल आज लिहिते आहे. माझ्या रोजच्या वहीत एरवी तिथी, उपास, कोणता अध्याय वाचला, कोण येऊन गेलं, एवढंच असतं. गेली दोन वर्षं भावजींचं नाव येतं ते 'जेवले' किंवा 'जेवले नाहीत' असं. ते पूर्वी असे नव्हते. हे कुठंतरी लिहिलेलं असावं.

धामणकर नाक्याला त्यांचं दुकान होतं. हवेचे कॉम्प्रेसर बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. टायरवाले, गॅरेजवाले, गाड्या रंगवणारे, सगळे त्यांच्याकडे येत. गिऱ्हाईक आलं की पहिलं विचारणार, किती हॉर्सपॉवरचा घेऊ? भावजी चिडत.

"हॉर्सपॉवर काय इचारतो? तुझ्या बंदुकीला मिन्टाला हवा किती लागते, ते सांग आधी."

बंदूक म्हणजे नट खोलायचं हवेवरचं हत्यार. मिनिटाला किती घनफूट हवा, त्याला ते सीएफएम म्हणत. प्रत्येक हत्याराला लागणारी हवा मांडायची, बेरीज करायची. सगळी हत्यारं एकाच वेळी चालत नाहीत म्हणून त्यातली थोडी कापायची, मग गळतीसाठी थोडी वाढवायची. पंधरा वर्षांत त्यांचा आकडा चुकला नव्हता. सावळाराम टायरवाला म्हणायचा, "रघ्या, तुला हवा दिसते का रं?"

"दिसत न्हाय. पन कमी पडली का वरडते."

२००६ साली नारपोलीचे खलीलभाई घरी आले. भावजींच्या शाळेतले दोस्त. त्यांनी चोवीस जुने माग भंगारात काढले होते आणि आठ एअरजेट माग बुक केले होते. या मागाला सूत नेणारा धोटा नसतो. हवेच्या झोताने सूत या टोकाचं त्या टोकाला जातं. हवा नाही तर माग नाही.

खलीलभाई ओट्यावर बसूनच म्हणाले, "रघू, कोटेशनचे कागद घेऊन कंपनीवाले खूप येऊन गेले. मला तुझा आकडा पायजे. हे आठ चालले तर आमचं घर चाललं. जुनं सगळं काढून टाकलंय, आता मागे फिरायला जागा नाय."

"चालतील. मी हाय ना."

ते गेल्यावर भावजींनी माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. एका मागाला तीस, आठ मागांना दोनशे चाळीस. मग गॅरेजच्या सवयीने त्याचे शेकडा साठ धरले, एकशे चव्वेचाळीस. मी विचारलं, एवढे कमी का केले?

"वयनी, सप्त्याला दीडशे मानसं जेवतात. तू ताटं किती काढतंस?"

"साठ. पंगत उठली की धुऊन पुन्हा मांडते."

"मंग? तसंच हाय ते."

मला एकदम पटलं. मी हसून म्हटलंसुद्धा, म्हणजे हे काम मलाही जमेल की! गळतीसाठी आणि वर हाताशी राहावी म्हणून त्यांनी चौथा हिस्सा वाढवला, एकशे ऐंशी झाले. तेवढी हवा देणारी कॉम्प्रेसरची मशीन आली. चालू झाली त्या दिवशी मी देवापुढे नारळ ठेवला.

आधी चारच माग आले. छान चालले. दाबाचा काटा सहावरून हलेना. खलीलभाई मिठाई घेऊन आले, भावजींना उस्ताद म्हणाले. दिवाळीनंतर उरलेले चार आले. पाचवा लागला. सहावा लावला आणि काटा खाली यायला लागला. सूत अर्ध्यावर पडायचं आणि माग आपोआप थांबायचे.

भावजी तीन दिवस तिथंच होते. पायपाच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून गळती शोधली. दाब वाढवून बघितला, तर मोटर तापून मशीनच बंद पडली. तिसऱ्या दुपारी मी डबा घेऊन गेले. भावजी फरशीवर बसले होते, हात काळे. माझ्याकडे बघून म्हणाले, "वयनी, हे उठतच न्हाईत."

"कोण?"

"माग. गॅरेजात मानूस बंदूक धरतो, ठेवतो, बिडी वढतो. हे आठी एकाच पंगतीला बसलेत आनि शिफ्टवर शिफ्ट, उठनारच न्हाईत. मी साठ ताटं काढली. लागत व्हती पुरी दीडशे. गळतीबिळती धरून तीनशेची मशीन पायजे व्हती. दाब वाढवून काय हुनार? हवाच कमी हाय."

मी डबा खाली ठेवला. साठ ताटांचा आकडा माझा होता. मीच मान डोलावली होती.

खलीलभाई दारात उभे राहून सगळं ऐकत होते. भावजी म्हणाले, "बोल ना रे काय तरी. शिव्या दे."

"शिव्या कशाला? गलती माझी. लूमचं गॅरेजवाल्याला विचारायला गेलो."

एवढंच. आवाज चढवला नाही. भावजींचा चेहरा त्या वेळी झाला तो अजून तसाच आहे.

दुसरी मशीन घेण्याची खलीलभाईंची ताकद नव्हती. पाच माग चालले, तीन प्लास्टिकखाली राहिले. तेवढ्यावर शेडचा खर्च निघेना. वर्षभरात आठही माग सुरतेकडे गेले आणि शेडचं गोदाम झालं. खलीलभाई रस्त्यात भेटले तर "कशा आहात वहिनी?" म्हणतात. भावजींचं विचारत नाहीत.

भावजींना कुणी दुकान बंद करायला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकं यायची, भावजीच आकडा सांगेनात. शेवटी शटर ओढलं. आता राहनाळला एका गोदामाच्या फाटकावर बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. आमचे हे म्हणतात, "ड्युटी हाय ना? मंग झालं." मी अकरा संकष्ट्या केल्या, सोळा सोमवार केले. देवाला दोष देत नाही. पण हल्ली हात जोडले की काय मागायचं तेच सुचत नाही.

आज सकाळी सावळाराम आला. बायपासला नवं दुकान टाकतोय. भावजी पायरीवर बसले होते.

"रघ्या, दोन बंदुका, एक गाडी धुवायची नळी, एक रंगाचा फवारा. किती मोठी मशीन घेऊ?"

हे तर भावजींचं रोजचंच काम. इथं सगळं एकदम चालतच नाही, इथं त्यांची जुनी रीतच बरोबर. मी दारातून बघत होते. त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मला वाटलं, आता सांगतील. बोटं थांबली.

"दुकानदाराला इचार. तो सांगंल."

"तो मोठीच गळ्यात मारंल. तू सांग ना! चुकलं तर चुकलं, मी काय फाशी देतो का तुला?"

भावजी उठले. चपला घातल्या आणि ड्युटीला दोन तास असताना निघून गेले. डबाही नेला नाही.

सावळाराम माझ्याकडे वळला. "वयनी, मी काय वंगाळ बोललो का?"

मी नाही म्हटलं, चहा दिला. त्याने अर्धाच घेतला. कप खाली ठेवून म्हणाला, "आता मी कुनाला इचारू?"