मुस्तारीच्या नावाचं जेवण

त्सुनामीची मोठी लाट आली त्या सकाळी रोहानीचा नवरा मुस्तारी होडी घेऊन गेला होता. तो परत आला नाही, प्रेतही सापडलं नाही. इंडोनेशियाच्या या टोकाला, आमच्या आचेहमध्ये, मेलेल्याच्या नावाने गावाला जेवण घालतात, तेव्हा कुठे माणूस खरा गेला म्हणायचा. बाकीच्या बायकांनी घातलं. रोहानीने वर्षानुवर्षं घातलं नाही. मी तिची शेजारीण, सांगून सांगून थकले.

होड्या दुरुस्त करणारा रझाली विधुर होता. तो आधी तिच्या ओट्यावर कॉफी प्यायचा, मग आत बसून प्यायला लागला. मला माहीत होतं, गावालाही होतं. दोघांचा एकमेकांवर जीव होता, त्यात चोरी कसली? पण लग्नाशिवाय बाई-पुरुषाने आतून दार लोटलं की आमच्याकडे कायद्याने गुन्हा होतो. एका दुपारी गावातल्या पोरांनी दार तोडलं. त्यातल्या निम्म्यांना रोहानीने कडेवर खेळवलं होतं, मेल्यांना!

गावप्रमुख म्हणाले, "रोहानी, निकाह लावून टाक. इथल्या इथे मिटवतो. काझीसमोर एवढंच म्हण, मुस्तारी मेला."

"नाही म्हणणार."

"मग मशिदीसमोर फटके खा. हा रझालीही खाईल."

इथे मात्र ती गडबडली. रझालीकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो म्हणाला. "होड्या ओढून पाठ निबर झालीय माझी. माझ्यासाठी मुस्तारीला मारू नकोस."

शुक्रवारच्या नमाजानंतर दोघांना मंचावर चढवलं. तिला मारणारी बाई तोंड झाकून आली होती. लोक मोबाइल उंचावून उभे होते. एक जण ओरडला, "जोरात!" मी त्याला सगळ्यांदेखत शिवी हासडली, आणि मग मला रडूच फुटलं.

वळ उतरल्यावर रोहानीने बकरा कापला आणि मुस्तारीच्या नावाने गाव जेवायला बोलावलं. दार तोडणारी पोरंही आली, खाली मान घालून जेवली.

हात धुताना गावप्रमुख कुरकुरले, "अगं बाई, हेच आधी केलं असतंस तर दोघांचा मार वाचला असता."

रोहानी त्यांच्या हातावर पाणी घालत होती.

"तेव्हा तुम्ही माझ्याकडून वदवून घेत होतात," ती म्हणाली. "माझा नवरा कधी गेला ते मी ठरवणार. आणि दुसरा कधी करायचा, तेही."