कळण्याच्या भाकरीतलं मीठ

सातवीतच शाळा सोडून मी कोल्हापूरकडून थेट रावेरला आलो आणि केळीच्या बागांत ट्रॅक्टर चालवू लागलो. ऐंशीनंतरची ती वर्षं. तिसऱ्या वर्षी पाय सुजले. सकाळी घोट्यापर्यंत, दुपारी पोटरीपर्यंत. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, लघवी तपासली; काहीच सापडलं नाही. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते हळूच म्हणाले, "तुझ्याकडून क्लच दाबला जात नही. बाजाराच्या दिवसापर्यंत पाहू, नही तर गावाले जाय."

गावाकडे कोण होतं मला!

भाऊंच्या आई, अक्का, मला वैद्यांकडे घेऊन गेल्या. वैद्यांनी घेटुळीच्या मुळांचा आणि सराट्यांचा, लघवी मोकळी करणारा काढा दिला. "आणि मीठ बंद. अगदी बंद!"

अक्का माझं वेगळं शिजवू लागल्या. तीन दिवस झाले, सूज तसूभर हलली नाही. बाजार तीन दिवसांवर. अक्कांबरोबर पुन्हा वैद्यांकडे गेलो.

"खातोस काय?"

"अळणी वरण, अळणी वांगं."

"लोणचं? पापड?"

"देवाशपथ नाही. फक्त अक्कांच्या हातची भाकरी. अशी खमंग भाकरी आमच्याकडे होतच नाही!"

शेजारी बसलेल्या अक्कांचा हात तोंडावर गेला. "अरे देवा, कळण्याची!"

कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. खडेमीठ त्यात दळतानाच पडतं. मी परका, मला काय ठाऊक? आणि अक्कांना ते मीठ मीठच वाटत नव्हतं.

वैद्य खो खो हसले. "अक्का, माझा काढा काय करील? तुम्ही चक्कीवरूनच मीठ पाठवता!"

"मी तर वरणात चिमूटभरही नही टाकलं!"

त्या दुपारपासून नुसत्या ज्वारीची भाकरी. दुसऱ्या दिवशी मी सारखा बागेच्या कडेला पळत होतो, आणि दर खेपेला आणखी खुशीत परतत होतो. बाजाराच्या दिवशी सकाळी पाहिलं तर घोट्याचं हाड दिसत होतं!

"अक्का, हाड! हाड!"

त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या. "मोडलं का रे?"

"दिसतंय!"

सूज कशाने आली होती, ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. मला तेव्हा विचारायचंही नव्हतं. मी उडी मारून ट्रॅक्टरवर चढलो, भाऊंसमोर क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"बस झालं," भाऊ म्हणाले, "तोडतो काय? चाल, घड भरायचे हायेत."