कापशीचं बसणं

अकोटात जानराव खंडारे यांच्या घरी कोणीही गेलं की पहिला शब्द ‘बसा’ हाच ऐकू येतो. पाहुणा बसतो, त्यांच्या पत्नी पार्बताबाई चहाचं आधण ठेवतात, स्वतः जानराव उंबऱ्यावर टेकतात. त्या घरात बसायची मनाई फक्त एकाच जिवाला होती, आणि त्या जिवाचं वजन सव्वातीनशे किलो होतं.

कापशी ही त्यांची घोडी. नाव रंगावरून पडलेलं. जिनिंगच्या आवारात रुईच्या ढिगापाशी उभी केली तर आधी तिचे डोळे दिसावेत, मग घोडी. लग्नाच्या वराती आणि चौदा एप्रिलची मिरवणूक ही तिची नोकरी. जानरावांचे वडील टांगा हाकत. टांगे गेले, ऑटो आले, पण या घरातून घोडं कायमचं गेलं नाही, त्यानं खातं बदललं. पूर्वी माणूस मागे बसायचा, आता नवरदेव वर बसतो, इतकाच फरक. टांग्याचा घोडा बसलेला जानरावांनी लहानपणी कधी पाहिला नव्हता, कारण तो बसायचा तेव्हा ते शाळेत असत. त्यामुळे घोडं उभ्यानंच झोपतं हे त्यांचं ज्ञान बालपणापासून पक्कं होतं. वाईट हे की ते अर्धं खरं होतं. ज्ञान पूर्ण खोटं असतं, तर कोणीतरी कधीतरी दुरुस्त केलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सरदार नावाचा तांबडा घोडा होता. वैशाखात दोन दिवसांत तीन वराती झाल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो कडुनिंबाखाली आडवा झाला. जानरावांना कणव आली. “निजू द्या त्याले, दमला हाये,” असं म्हणून त्यांनी त्याच्या अंगावर ओलं पोतं टाकलं. गल्लीतल्या पोट्ट्यांना हाकललं. शेजारच्या केशवरावांची पिठाची गिरणी होती. तिचा आवाज नको म्हणून गिरणी बंद ठेवायला लावली, आणि केशवरावांनीही शेजारधर्म म्हणून दळणं थांबवली. चार वाजता उठवायला गेले तेव्हा घोडा गार झाला होता. आतड्याला पीळ पडला होता, हे नंतर कळलं. आडवं होण्याआधी सरदारनं दोनतीनदा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं होतं. जानरावांना वाटलं, माशा चावत असतील.

म्हणजे मरणाला कोणी त्रास देऊ नये म्हणून हा माणूस तीन तास पहारा करत बसला होता. हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुढे सात वर्षं त्यांनी घोडं ठेवलंच नाही. दोन वर्षांपूर्वी कापशी आली, आणि भीती तिच्यासोबतच गोठ्यात बांधली गेली. घोडीनं गुडघे मोडले की जानराव धावत आणि दावं ओढून तिला उभं करत. ते गोठ्याजवळ नसले तर हे काम पार्बताबाईंचं. त्यांच्याजवळ तेलाचा रिकामा डबा आणि पळी असे. घोडी बसायला लागली की त्या डबा वाजवत. घोडी वरातीच्या बँडला सरावलेली, डब्याला काय भिणार? पण डबा वाजला की मागून जानराव धावत येतात, हे ती शिकली होती. तशी ती हुशार होती.

तरी रात्री जानरावांचा डोळा लागायचा, तेवढ्यात ती आपलं उरकून घेत असावी. पण या फेब्रुवारीत ते बाजारात असताना केशवरावांचा फोन आला.

“जानराव, तुमची घोडी आडवी हाये.”

“बसली का पडली?”

“आता मी काय पंचनामा करू? आडवी हाये, बस.”

जानराव चपला बाजारातच सोडून पळत आले. घोडी नुसती झोपली होती. धावत आलेला मालक पाहून ती उठली, तिनं अंग झटकलं आणि कुटाराच्या भुश्यात तोंड घातलं. जानराव मात्र तासभर ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत होते. संध्याकाळी त्यांनी लोहाराकडून कडी आणली, भिंतीत छातीच्या उंचीवर बसवली आणि घोडीला हातभर दाव्यानं तिथं बांधलं. आता मान जमिनीला पोचणारच नव्हती, मग बसणार कशी? त्या रात्री जानराव गाढ झोपले. गोठ्यात घोडी उभी होती.

अशी ती फेब्रुवारी उभी राहिली, मार्च उभी राहिली. एप्रिलात तिच्या पुढच्या पायांवर, खुरांच्या वरच्या सांध्यांना, खरचटल्यासारख्या जखमा दिसू लागल्या. जानरावांनी हळद लावली आणि रस्त्यावरच्या गिट्टीला शिव्या दिल्या. जखमा वाळायच्या आणि पुन्हा ओल्या व्हायच्या. पार्बताबाई एकदा म्हणाल्या, “आवो, ते उभ्या उभ्या डुलते. मंग पुढं वाकते अन् भिंतीले घासते.” जानराव म्हणाले, “डुलन नाई तं काय, बँड आयकून आयकून सवय झाली तिले.”

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नितेश नावाच्या मुलाची वरात होती. सकाळचे अकरा वाजलेले. मंगल कार्यालयाच्या अलीकडे, नेहमीप्रमाणे, मित्रमंडळी नाचायला थांबली. घोडी उभी, वर फेटेवाला नितेश, लगाम धरून जानराव. बँड छाती फाडून वाजत होता. त्या गोंगाटात कापशीचे डोळे मिटले, मान खाली आली, आणि पुढचे दोन्ही पाय एकदम मोडले. नितेश तिच्या मानेवरून घसरत जानरावांच्या अंगावर आला. घोडी दचकून जागी झाली, धडपडत उभी राहिली आणि काहीच न झाल्यासारखं इकडेतिकडे पाहू लागली.

“घोडीनं नवरदेवाले नमस्कार केला बे,” कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

“जानराव, कोनती पाजली हिले?”

नितेशही हसला, फेटा सारखा करून पुन्हा चढायला निघाला. जानरावांनी त्याला चढू दिलं नाही. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. “पायी जा बाबू,” ते म्हणाले, “दोनच पावलं राह्यली.” मुलाकडचे रागावले, बरंच बोलले. जानरावांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते घोडीच्या पोटाकडे पाहत होते. घरापर्यंत त्यांनी तिला सावलीसावलीनं चालवत नेलं आणि सारा वेळ तिच्याशी एकच गोष्ट बोलत राहिले, “पडू नोको. घरापर्यंत पडू नोको.”

जनावरांच्या डॉक्टर प्रियदर्शनी दर गुरुवारी अकोल्याहून एसटीनं अकोटला येतात. सुदैवानं दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्यांनी कापशीच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला, दोन्ही कुशींना नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग पुढच्या पायांच्या जखमा पाहिल्या आणि त्यांची नजर भिंतीतल्या कडीवर गेली.

“काका, ही बसते कधी?”

जानरावांना इतक्या दिवसांनी कोणी योग्य प्रश्न विचारला होता. “तीन महिने झाले मॅडम, एक डाव बी बसू देल्ली नाई,” ते अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरबाईंनी भिंतीतली कडी हलवून पाहिली. मग म्हणाल्या, “हिला कोणताही आजार नाही. हिची झोप झालेली नाही.”

“झोप तं उभ्यानं होते ना.”

“डुलकी होते. गाढ झोपेला अंग टाकावं लागतं. फार नाही, दिवसाकाठी अर्धा तास, तोही तुकड्यातुकड्यानं. तो मिळाला नाही की उभ्या उभ्या झोप लागते आणि पाय मोडतात. जखमा त्याच्याच आहेत. एखाद्या दिवशी रस्त्यात पडेल, पाय मोडून घेईल, मग माझ्याकडे काही औषध उरणार नाही.”

जानरावांनी सरदारची गोष्ट सांगितली. पोत्यासकट, गिरणीसकट. डॉक्टरबाईंनी ती मध्ये न बोलता ऐकली, हे त्यांचं मोठेपण. मग ओळखायचं कसं ते सांगितलं. पोट दुखणारं घोडं स्वस्थ पडत नाही; उठतं, पुन्हा बसतं, लोळतं, खुरानं जमीन खरडतं, घामेजतं, पुन्हा पुन्हा पोटाकडे पाहतं. झोपलेलं घोडं झोपलेलं असतं.

“एक डाव पोटाकडं पाह्यलं तं?”

“एकदा पाहिलं तर माशी असेल.”

“माशीच म्हनलं होतं म्या.”

डॉक्टरबाई पिशवी आवरू लागल्या. त्यांनी दावं लांब करायला आणि खाली जाड कुटार पसरायला सांगितलं, फोन नंबर दिला आणि त्या एसटी धरायला गेल्या.

दावं लांब झालं, कुटार पसरलं, डबा माळ्यावर गेला. घोडी मात्र बसेना. दुपारी ती जागच्या जागी गोल फिरायची, कुटार हुंगायची, गुडघे किंचित मोडायची आणि तिथंच थांबून जानरावांकडे पाहायची. जानराव खाटेवर दाव्याचं टोक मुठीत धरून बसलेले. तिचे गुडघे वाकले की ते नकळत अर्धे उठत. ते अर्धे उठले की ती पूर्ण उभी राही. दोन दिवस हा उद्योग चालला. दोघं एकमेकांना भीत होते, आणि दोघांकडेही कारण होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिता पिता तिचे पाय पुन्हा मोडले आणि बादली उलटली.

जानरावांनी फोन लावला. “बसून नाई राह्यली मॅडम. मले पाहून उभी राह्यते.”

“घरात दुसरं घोडं आहे?”

“नाई.”

“कळपात एक जण उभा राहतो, तेव्हा बाकीचे निजतात. हिच्यासाठी उभं राहायला कोणी नाही, धावून येणारे मात्र आहेत. तुम्ही खाट काढा. जवळ उभे राहा आणि हलू नका. तिनं काहीही केलं तरी.”

“काही बी?”

“मी सांगितलेलं दिसलं तर धावा. नुसती भीती वाटली म्हणून धावू नका.”

ऊन पंचेचाळीसला टेकलं होतं. जेवणं उरकून गल्ली आत गेली. जानराव गोठ्यात, घोडीपासून चार हातांवर, भिंतीला पाठ न लावता उभे राहिले. वय बासष्ट. पहिला तास घोडीनं त्यांच्याकडे पाहण्यात घालवला. दुसऱ्या तासात तिनं पाहणं सोडलं. मग ती गोल फिरली, गुडघे मोडले, थांबली. जानरावांनी पायाची बोटं जमिनीत रुतवली. जडपणे कण्हून घोडी खाली बसली.

तो कण्हण्याचा आवाज त्यांनी ऐकला. तरी ते हलले नाहीत.

कापशी छातीवर बसली होती, पाय दुमडून. कान सैल झाले. आणि मग तिनं सावकाश मान वळवली आणि स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

जानराव नंतर सांगत, की त्या वेळी त्यांना गोठा दिसत नव्हता. त्यांना कडुनिंब दिसत होता. पुढे झुकून दावं ओढलं की ती उठली असती. उठली असती म्हणजे जिवंत राहिली असती, आजच्यापुरती. आणि उद्या रस्त्यात पडली असती. ‘एकदा,’ त्यांनी मनात मोजलं. आता दुसऱ्यांदा बघेल. आता खुर घासेल. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता. घोडीच्या अंगावर घाम आहे का ते त्यांना पाहायचं होतं, आणि डोळ्यांत स्वतःचाच घाम गेल्यानं दिसत नव्हतं.

घोडीनं मान सरळ केली. थोडा वेळ ती तशीच राहिली आणि मग एका कुशीवर आडवी झाली. डोकं कुटारावर टेकलं, चारही पाय लांब. अगदी सरदारसारखी.

त्यापुढचं सगळं मरणासारखंच दिसत होतं. ओठ थरथरू लागले. अर्ध्या उघड्या पापणीखाली बुबुळ फिरू लागलं. मागचा पाय झटके देऊ लागला, मग थांबला. श्वास घाईचा झाला, मग इतका लांबला की जानरावांनी स्वतःचाही श्वास धरून ठेवला. कुंपणावरून केशवरावांचं डोकं वर आलं.

“जानराव,” ते हळूच म्हणाले, “गेली का?”

जानरावांनी एक हात वर करून त्यांना गप्प केलं. केशवराव तिथंच राहिले. माणूस चांगला, फक्त त्याला तमाशा अर्धवट सोडवत नाही.

सतरा मिनिटं. मोजली केशवरावांनी, मोबाइलवर. मग कापशीनं डोकं उचललं, पुढचे पाय रोवले, उठली, अंग असं झटकलं की कुटार जानरावांच्या तोंडावर उडालं, आणि पाण्याकडे गेली. जानराव एक पाऊल टाकायला गेले तर पाय उचलेना. पार्बताबाईंनी येऊन त्यांचा दंड धरला.

“झालं ना आता? उठली ना? मंग आतातरी भेव सोडा.”

“आज नाई मेली,” जानराव म्हणाले. “उद्याचं मी कसं सांगू?”

पुढच्या दोन आठवड्यांत जखमा भरल्या. दुपारच्या वराती ते आता घेत नाहीत. विचारणाऱ्याला कारण सांगतात तेव्हा तो हसतो, आणि जानराव त्याला हसू देतात. भीती तेवढीच आहे. पूर्वी ती धावत असे, आता ती उभी राहते. काल पार्बताबाईंनी भाकरी वाढली, जानरावांनी पहिला घास मोडला आणि गोठ्यात कुटार खसखसलं.

“बसते वाटते,” पार्बताबाई म्हणाल्या. “जेवून घ्या तुमी. बसू द्या तिले.”

जानरावांनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि जाऊन उभे राहिले.