ऐकायची खोली

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आवाज न काढता बोलायची खोड होती. सोलापूरच्या गिरणीत, माग चालतात त्या खात्यात त्यांची तीस वर्षं गेली. शेकडो माग एकदम चालू असताना तिथे गळा फोडून ओरडलं तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवतात आणि हातांनी खुणा करतात. आप्पा घरी जेवतानाही तसंच मीठ मागत. आई वैतागून म्हणे, "हितं काय माग न्हाईत, आवाज काढून मागा की!" मला मात्र ती ओठांची बोली लहानपणापासून येत होती.

लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला. मी माहेरी परत आले आणि मुलींच्या शाळेत शिकवू लागले. पुढे आईही गेली. मग घरात आम्ही दोघंच उरलो. माझा स्वभाव तेव्हाही तिखट होता, आता म्हातारपणीही फारसा उतरलेला नाही. आई गेल्यानंतरच्या दोन वर्षांत आप्पांचं एक वागणं मला खुपायला लागलं होतं. समोर बसले की नीट बोलायचे. पण मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ओ द्यायचे नाहीत. माझं परत येणं त्यांना जड झालंय, असं मी मनाशी पक्कं धरून बसले. मग मीही हाका मारणं सोडून दिलं.

गिरणीतून सुटल्यावर आप्पांनी आयुष्यातली एकच हौस केली. गाण्याचं वेड जुनं होतं, पण ऐकायला सवड कधी मिळाली नव्हती. "आता निवांत बसून ऐकणार बग," म्हणत त्यांनी परसात एक खोली बांधून घेतली. दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. त्यात कर्ण्याचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, आणून ठेवला. आमच्या गल्लीत देऊळ होतं, तालीम होती, पण निव्वळ गाणं ऐकायला बांधलेली खोली कुणाकडे नव्हती. शाळेत मी त्यावरून आप्पांची थट्टा करायचे, आणि आतून मला त्यांचं कौतुकही वाटायचं.

पहिल्याच दिवशी तबकडी संपली आणि आप्पांचा चेहरा उतरला.

"गाणं कुटं हाय ह्यात? भिताडं समदं गिळत्यात."

कानांबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. पहाटेचा गिरणीचा भोंगा ऐकू येत होता, माणसांचं बोलणं कळत होतं. म्हणजे दोष खोलीचाच. आवाज घुमतो हे मलाही जाणवत होतं, त्यामुळे मीही त्यांच्याच सुरात सूर मिसळला.

तेव्हा गावात बोलपट नवे नवे आले होते. मूकपटांच्या जुन्या थेटरात आवाज घुमायला लागला की मालक एका वयस्कर गृहस्थांना बोलावत. ते पूर्वी नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरलेले. कुठल्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल, हे टाळी वाजवून सांगायचे. आप्पा त्यांना घरी घेऊन आले. मला हा सगळा पोरखेळ वाटला.

"टाळ्या वाजवायला बाहेरचा माणूस कशाला?" मी त्या गृहस्थांच्या तोंडावरच म्हणाले.

ते हसले. "बाई, टाळी तुम्हीही वाजवाल. परत काय येतं, ते ऐकायला मी लागतो."

चारही कोपऱ्यांत, मध्यभागी, दारात, असे ते टाळ्या वाजवत फिरले. मग म्हणाले, "समोरासमोरच्या भिंतींवर जाड चादरी टांगा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा. फरशीवर जमखाना घाला, आणि फोनो त्या कोपऱ्यातून हलवा."

चादरींचा आमच्या गावाला काय तोटा! शेजारच्या तेलुगू विणकरांच्या घरून आप्पांनी आठ चादरी आणल्या. एकेकीची किनार चिमटीत धरून, वीण तपासून मगच टांगल्या.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ पुन्हा आले आणि तीच तबकडी लावली. मी दारात उभी होते. गाणारीनं मध्येच घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला. मी हरखून आप्पांकडे पाहिलं, तर ते मान हलवत होते.

"अजून गिळतंयच की."

फोनो थांबवून पाहुणे आप्पांच्या खुर्चीमागे गेले आणि विचारलं, "आप्पा, आवाज कुठून कमी वाटतो?" आप्पा गप्प. ते पुढे आले आणि तितक्याच आवाजात तेच विचारलं. आप्पांनी लगेच कर्ण्याकडे बोट दाखवलं. मग पाहुण्यांनी घाम पुसल्यासारखा पंचा तोंडावर धरला आणि तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा नुसते त्यांच्याकडे बघत राहिले.

पाणी मागायच्या निमित्तानं ते माझ्याकडे आले. "बाई, खोलीत आता दोष उरलेला नाही."

"मग काय आमच्या आप्पांत आहे?" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

ते खाली बघत उभे राहिले. मी खोलीत गेले. आप्पांच्या पाठीमागून हाक मारली. मग मोठ्यानं मारली. आप्पा चादरीची सुरकुती सारखी करत होते, ते वळले नाहीत. ज्या माणसावर मी दोन वर्षं रुसले होते, त्याला माझी एकही हाक पोचली नव्हती. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. चुलीपुढे जाऊन मी पोटभर रडले.

जाताना पाहुण्यांनी आप्पांना सांगितलं, "नवा गिलावा आहे, पुरता वाळू द्या." तसं सांगा म्हणून मीच त्यांच्या विनवण्या केल्या होत्या.

गिलावा वाळला. आप्पा रोज संध्याकाळी फोनोसमोर बसत आणि मान हलवत उठत. एके दिवशी त्यांनी खुर्ची उलटी फिरवली, फोनोकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड.

"तुला येतंय न्हवं हे गाणं? म्हन की संगं."

मी तबकडी लावली आणि गाऊ लागले. दोन ओळी झाल्या असतील, आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. मग, मागांसमोर बोलायचे तसे, आवाज न काढता ओठांनी म्हणाले, "तू नको गाऊस. तिचं गाणं तू ऐक. मला तुझं नुसतं व्हट बास हायती."

मी ओठ हलवू लागले. आप्पा माझ्या ओठांकडे बघत मांडीवर ताल धरू लागले. तबकडी केव्हा संपली ते मला कळलं होतं, पण मी थांबले नाही, आणि आप्पांचा तालही थांबला नाही.